प्रेसबरोबर मुलगी

सकाळचे नऊ वाजले होते आणि रिमी एका हिरव्या रंगाशी भांडत होती. औषधाच्या खोक्यांवरचा तो हिरवा गेल्या खेपेला जरा पिवळट गेला होता. औषध कंपनीच्या माणसाने फोनवर यथेच्छ तोंडसुख घेतले होते. म्हणून आज ती काचेवर शाई कालवत बसली होती. पट्टीच्या टोकावर किंचित निळा घ्यायचा, घोळवायचा, बोटाने कागदावर टेकवायचा, जुन्या खोक्याशेजारी धरून उजेडात बघायचा आणि मान हलवून पुन्हा सुरुवात करायची. छपाईच्या मशीनपाशी उभे असलेले प्रेसचे जुने कारागीर मास्तर वाट बघून कंटाळले.

"तुझा हिरवा जमेपर्यंत माझे केस पांढरे व्हायचे," ते म्हणाले.

"तुमचे उरलेत किती, मास्तर? लवकर होतील."

रिमी हे काही तिचे खरे नाव नव्हे. जन्मली तेव्हा पाळणा येईपर्यंत तिला कागदाच्या रिमांच्या रिकाम्या खोक्यात निजवले होते, तेव्हापासून सगळे तिला रिमीच म्हणत. खाली प्रेस आणि वर घर. चालायला लागली तशी ती जिना उतरून खाली आली ती खालचीच झाली. सव्विसाव्या वर्षी प्रेसमधले दुरंगी मशीन तिच्याइतके मास्तरांनाही कळत नव्हते, आणि ही गोष्ट मास्तर स्वतःच चारचौघांत सांगत.

गावात एके काळी अकरा प्रेस होत्या. आता तीन उरल्या होत्या. एक रिमीच्या बाबांची. दुसरी समोरच्या लिफाफेवाल्याची, पण तिला प्रेस म्हणायचे ते केवळ शेजारधर्म म्हणून. आणि तिसरी मोठी प्रेस. तिला दुसरे नाव होते, पण ते फक्त पाटीवर.

मोठी प्रेस मोठी कशी झाली, हे सगळ्यांना ठाऊक होते आणि कुणी बोलत नव्हते. या धंद्यात एक रीत होती. प्रेसवाल्याला मुलगा नसला, तर मुलीच्या लग्नात प्रेस तिच्या सासरी जायची. याला ते जोडणी म्हणत. हुंडा म्हटले की त्यांचे डोके फिरायचे. "आम्ही एक पैसा घेत नाही," असे छाती पुढे काढून सांगत, आणि ते खरेच होते. आख्खी प्रेस पदरात पडल्यावर वर पैसा मागायला तोंड तरी कुठून आणणार? मोठ्या प्रेसच्या मालकांना चार मुलगे होते. चार मुलग्यांना चार प्रेसवाल्यांच्या मुली केल्या, आणि चार प्रेस जोडल्या गेल्या. आणखी चार जणांना मग कागद मिळेनासा झाला, गिऱ्हाईक मिळेनासे झाले, आणि त्यांनी आपणहून कुलपे लावली.

मुलगे संपले, पण मालकांची भूक संपली नव्हती. त्यांना एक पुतण्या होता.

अकरा वाजता ते रिमीला पाहायला आले. मोठे मालक, पुतण्या आणि तिसरा एक मिस्त्री. बाबांनी चहा सांगितला, खुर्च्या पुसल्या. रिमी हात धुऊन येऊन बसली, पण नखांतला हिरवा काही निघाला नव्हता. तिच्याकडे कुणी पाहिलेच नाही. मिस्त्री सरळ मशीनकडे गेला. त्याने स्क्रूड्रायव्हरचे टोक मशीनच्या अंगावर टेकवले, दुसऱ्या टोकाला कान लावला आणि मास्तरांना मशीन चालू करायला लावले. डॉक्टर छाती तपासतो तसे त्याने मशीन इकडून तिकडून तपासले. पुतण्या मोबाइलमध्ये डोके घालून बसला होता.

"बेअरिंग ठीक आहेत," मिस्त्री म्हणाला. "रोलर बदलावे लागतील."

"ते बघू नंतर," मोठे मालक म्हणाले. आवाज मऊ होता त्यांचा. आयुष्यात कधी ओरडावे न लागलेल्या माणसाचा असतो तसा. "औषधाच्या खोक्यांचं काम किती वर्षांपासून आहे तुमच्याकडे?"

"बारा वर्षं झाली," बाबा अभिमानाने म्हणाले. "रिमी सांभाळते ते. रंग तिच्याशिवाय कुणाला जमत नाही."

"कंपनीत कुणाशी बोलता? नाव, नंबर?"

बाबांनी नाव सांगितले, नंबरही सांगितला. पुतण्याने तो मोबाइलमध्ये टिपून घेतला. तेवढ्यापुरते त्याने डोके वर केले.

जाताना मोठे मालक रिमीकडे वळले. "आमच्याकडे पाचरंगी मशीन आलंय. पाहिलंस का?"

"फक्त फोटोत."

"मग ये की. आता घरचंच आहे."

आणि इथे रिमी फसली. खोटे कशाला बोला, पाचरंगी मशीनच्या फोटोकडे ती गेले वर्षभर टक लावून बघत होती. एका फेरीत पाच रंग! दुरंगी मशीनवर एकच कागद दोनदा-तीनदा फिरवून रंगावर रंग जुळवता जुळवता डोळे फुटायची वेळ येते, ते ज्याने केले आहे त्यालाच त्याची किंमत. नवरा कसा आहे यापेक्षा ते मशीन कसे आहे, हाच विचार तिच्या मनात जास्त होता. संध्याकाळी बाबांनी विचारले तेव्हा ती म्हणाली, "मला मशीनवर काम करू देणार असतील तर चालेल."

"करू देतील की! प्रेसवाल्याच्या घरात प्रेसवाल्याची मुलगी. नाही का म्हणतील?" बाबा आईकडे वळले. "आपली एकट्याची प्रेस आता टिकत नाही. कागदवाला मला आज उद्या करतो आणि त्यांच्या दारात गाड्या उभ्या करतो. आज ना उद्या कुलूपच लागायचं. त्यापेक्षा पोरगी चांगल्या घरात पडेल, मशीन चालू राहील, मास्तरांची नोकरी राहील. काय वाईट आहे?"

आई भांडी आवरत होती. तिच्या गप्प बसण्याची बाबांना इतकी सवय झाली होती की ते त्याला होकारच समजत. लग्न पुढच्या महिन्यात धरले.

मोठी प्रेस पाहायला रिमी आणि बाबा गुरुवारी गेले. फाटकाशीच दोन वाटा झाल्या. बाबांना कारखान्यात नेले आणि रिमीला वर, घरात. "बायका वरच बसतात," असे मालकीणबाईंनी हसून सांगितले.

वर एका लांबलचक खोलीत चौघी सुना बसल्या होत्या. तिसरी रिमीची बालमैत्रीण होती. तिच्या वडिलांच्या प्रेसमध्ये बाइंडिंगचे काम असे आणि ती सदा डिंकाने बरबटलेली असायची, म्हणून तिला डिंकी म्हणत. दोन वर्षांत डिंकीने एकदाही फोन केला नव्हता. रिमी त्यामुळे थोडी रागावलेलीच होती, पण डिंकीला पाहिल्यावर तिचा राग कुठल्या कुठे गेला. समोर टेबलावर हात पुसायच्या कागदी रुमालांची गड्डी होती. डिंकी ती उचलायची, बोटांनी पत्त्यांसारखी पसरवायची, हवा घालायची, चारी बाजूंनी ठोकून सारखी करायची आणि खाली ठेवायची. मग पुन्हा उचलायची. प्रेसमध्ये कागद मशीनला लावण्यापूर्वी करतात, अगदी तसेच.

"काय गं करतेस हे?"

"काही नाही," डिंकी म्हणाली आणि तिने हात मांडीखाली घेतले.

मालकीणबाई चहाचे बघायला गेल्या तेव्हा रिमीने हळूच विचारले, "पाचरंगी कसं आहे गं?"

"मी पाहिलं नाही."

"म्हणजे? याच आवारात आहे ना?"

"खाली जायचं नसतं. बायका खाली आल्या की कामगारांचं लक्ष उडतं, असं म्हणतात."

"पण तू तर... तुझ्या बाबांनी लग्नाच्या वेळी सांगितलं होतं, बाइंडिंग तूच बघणार म्हणून!"

डिंकीने पुन्हा रुमालांची गड्डी जवळ ओढली. खिडकीशी बसलेली थोरली सून बोलली. ती सगळ्यांत आधी, पंधरा वर्षांपूर्वी आलेली, वयाने चाळिशीकडे झुकलेली. "इकडे ये. तुला दाखवते."

खिडकीतून मागचे आवार दिसत होते. भिंतीला लागून चार ठिकाणी ताडपत्र्या पडल्या होत्या. वाऱ्याने एकीचा कोपरा उचलला गेला, तेव्हा आत गंजलेले लोखंड दिसले.

"हे माझ्या वडिलांचं कटिंग मशीन," थोरली म्हणाली. एखादा घरातला माणूस दाखवावा तसे ती बोट करून दाखवत होती. "आलं तेव्हा चालू होतं. मोटर आधी काढली, मग पातं. शेजारी दुसरीचं. ते डिंकीचं. ते पलीकडचं चौथीचं."

"चालवत का नाहीत?"

"त्यांना मशीन कुठे हवी होती? गिऱ्हाइकं हवी होती. आणि दुसऱ्या कुणाच्या हाती मशीन लागू नये, एवढंच."

चौथ्या ताडपत्रीच्या पलीकडे दोन माणसे जमीन साफ करत होती. गवत उपटून, पाणी मारून त्यांनी एक चौकोन मोकळा केला होता. रिमीला डोळ्यांनी मापे घ्यायची सवय होती. त्या चौकोनाचे माप काय आहे, हे तिला विचारावे लागले नाही. तिचे दुरंगी मशीन त्यात नेमके बसत होते.

"कालपासून करतायत," डिंकी म्हणाली.

परतीच्या वाटेवर बाबांचे तोंड थांबत नव्हते. पाचरंगी मशीन काय, थंड हवेचा हॉल काय! रिमीने आवारातले सगळे सांगितले. बाबा म्हणाले, "जागेअभावी तात्पुरतं ठेवलं असेल. मोठ्या माणसांचं काही सांगता येत नाही."

"बाबा, पंधरा वर्षं कुणी तात्पुरतं ठेवतं का?"

"आता शब्द दिलाय मी. उगाच शंका काढू नकोस."

ते चिडून बोलले. मनातून घाबरले की बाबा नेहमीच चिडायचे.

जोडणीच्या रिवाजात शेवटचे काम म्हणून एक प्रकार असे. मुलीची लग्नपत्रिका तिच्या वडिलांच्याच प्रेसमध्ये छापायची आणि त्यानंतर तिथे दुसरे काहीही छापायचे नाही. पत्रिका निघाल्या की बापाने स्वतः रोलर धुवायचे आणि किल्ल्या व्याह्याच्या हातात द्यायच्या. शनिवारी दुपारी त्यासाठी सगळे जमले. मोठे मालक आले, पुतण्या आला, मिस्त्रीही आला. बाहेर मशीन उचलून न्यायला ट्रक आणून उभा केला होता. निदान लग्नापर्यंत थांबायची तरी लाज बाळगायची, पण तेवढाही धीर त्यांना नव्हता.

बाबांनी ट्रक पाहिला. त्यांचा चेहरा उतरला, पण त्यांनी काही विचारले नाही.

प्लेट लावलेली होती, कागद लावलेला होता. मास्तर बाजूला उभे होते. बटण रिमीने दाबायचे होते.

"चला, शुभस्य शीघ्रम्," मोठे मालक म्हणाले.

रिमीने हात मागे घेतला. "मी हे छापणार नाही."

"काय झालं? रंग जमला नाही का?" बाबांनी घाईघाईने विचारले.

"मला हे लग्न करायचं नाही, बाबा. त्या घरात चौघी बसल्यात. चौघींना काम येतं आणि चौघींना हात लावू देत नाहीत. त्यांची मशीन मागे सडतायत. आणि आपल्या मशीनची जागा मी डोळ्यांनी पाहून आलेय."

"रिमी!" बाबा ओरडले. "मास्तर, तुम्ही चालू करा."

मास्तरांनी चाळीस वर्षांत मालकांचा शब्द मोडला नव्हता. त्यांनी खांद्यावरचे फडके काढले, घडी केली आणि ते स्टुलावर जाऊन बसले. "आज माझ्याच्याने व्हायचं नाही, मालक."

तेवढ्यात जिन्यावर पावले वाजली. आई खाली येत होती. आई प्रेसमध्ये कधीच येत नसे. जेवणाचा डबासुद्धा ती वरून दोरीने सोडायची. ती येऊन कोपऱ्यातल्या जुन्या, पायाने चालवायच्या छपाईच्या मशीनपाशी थांबली. ते मशीन कितीतरी वर्षे बंद होते आणि त्यावर आता रद्दीचे गठ्ठे ठेवत.

"हे माझ्या वडिलांचं," आई म्हणाली. कुणाकडे पाहून बोलत होती ते कळत नव्हते. "माझ्याबरोबर आलं. मी यावर एका तासात हजार हँडबिलं काढायचे. लग्नानंतर सासूबाई म्हणाल्या, आता घर बघा. मी घर बघितलं." मग ती नवऱ्याकडे वळली. "तुम्ही माणूस वाईट नाही. पण तुम्ही मला एकदा तरी विचारलंत का, तुला खाली यायचंय का म्हणून?"

बाबांनी कोपऱ्यातल्या त्या मशीनकडे पाहिले. इतकी वर्षे घरात असलेली ती गोष्ट त्यांना आज पहिल्यांदा दिसत होती. त्यांनी टेबलावरच्या किल्ल्या उचलल्या आणि खिशात टाकल्या.

"माफ करा," ते मोठ्या मालकांना म्हणाले. "मुलगी नको म्हणते."

मोठे मालक रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी चहा शांतपणे संपवला, कप खाली ठेवला आणि मऊ आवाजात विचारले, "कागद कुठून आणणार?" उत्तराची वाट न बघता ते निघून गेले. रिकामा ट्रक त्यांच्यामागोमाग गेला.

त्या दिवसापासून कागद बंद झाला. कागदवाला आता आज उद्याही करेना, सरळ नाहीच म्हणू लागला. रिमी आणि मास्तर दुसऱ्या शहरातून बसने रिमे आणत. औषध कंपनीला मोठ्या प्रेसने फोन केल्याचे कळले. खोक्यांचे काम अजून गेले नव्हते, पण दर वेळी फोन वाजला की बाबांचा घास हातातच राहायचा. आई मात्र रोज खाली येऊ लागली. प्रुफे तपासू लागली आणि मास्तरांच्या चुका काढू लागली. मास्तर म्हणायचे, घरात एक होती ती काय कमी होती! धास्ती होती, तरीही रिमीला वाटत होते, आपण सुटलो. महिनाभर तिला तसे वाटत राहिले.

महिन्याने समोरचा लिफाफेवाला हसत हसत आत आला. हातात लिहिलेला कागद होता.

"पोरी, एक पत्रिका छापून दे. माझ्या यंत्रावर पाकिटंच निघतात, पत्रिका निघत नाही. पाकिटं माझी, पत्रिका तुझी. माझं शेवटचं काम आपण मिळून करू."

शेवटचे काम म्हटल्यावर रिमीने हातातली पट्टी खाली ठेवली. तिने कागद वाचला. वधू म्हणजे लिफाफेवाल्याची मुलगी. सतरा वर्षांची, शाळेच्या शेवटच्या वर्गात असलेली. वराचे नाव रिमीला पाठ होते. स्वतःच्या पत्रिकेसाठी त्या नावाची प्लेट तिनेच बनवली होती.

"काका, तिची परीक्षा तोंडावर आलीय ना?"

"ते थांबायला तयार नाहीत गं. आणि मुलीच्या जातीला परीक्षा देऊन काय करायचंय?" त्याने आवाज खाली आणला. त्याचे डोळे भरून आले होते, आनंदाने. "तुझे फार उपकार झाले बघ. तू नाही म्हणालीस म्हणून ते माझ्या दारात आले. नाहीतर आमच्यासारख्यांना कोण विचारतं?"

त्या शनिवारी रिमीने स्वतःला सोडवून घेतले होते आणि इथेच सगळे संपले असे ती समजली होती. संपले काहीच नव्हते. मोकळा केलेला तो चौकोन अजून मोकळाच होता. तिथे आता लिफाफ्यांचे मशीन जाऊन पडणार होते आणि वरच्या खोलीत एक शाळकरी पोर जाऊन बसणार होती. रिमीला स्वतःचीच शरम वाटली.

"मी हे छापणार नाही, काका."

"मग ते स्वतःच्या प्रेसमध्ये छापतील," लिफाफेवाला गोंधळून म्हणाला. "त्यांना काय कमी आहे?"

ते खरेच होते. तिने नकार दिल्याने पत्रिका अडणार नव्हती. गावात छापणारे दुसरे उरले होते कोण?

तेव्हा बाबा उठले. महिनाभरात ते बरेच वाकले होते. त्यांनी रिमीच्या हातातला कागद घेतला, वाचला आणि लिफाफेवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. "चल, तुझ्या घरी जाऊ. मी काय करायला निघालो होतो, ते मीच सांगतो तुला. तिथे चौघींचं काय झालंय तेही ऐक." मास्तरांनी चालू मशीन भरदुपारी बंद केले. आईने चष्मा काढून ठेवला. सगळे मिळून रस्ता ओलांडून गेले. लिफाफेवाला मध्येच "अहो, पण शब्द दिलाय," असे पुटपुटत होता आणि बाबा त्याला हळूहळू सगळे सांगत होते.

मुलगी दारातच टेबलाशी बसून पाकिटांच्या पट्ट्या चिकटवत होती. शेजारी पाठ्यपुस्तक उघडे होते. इतकी माणसे एकदम आलेली बघून ती उठून उभी राहिली.

"पत्रिका छापून झाल्या?" तिने विचारले.

"नाही," आई म्हणाली. "तुला विचारायचं राहिलं होतं. तुला हे लग्न करायचंय का?"

मुलीने वडिलांकडे पाहिले. लिफाफेवाल्याने तोंड उघडले, पण बाबांनी त्याचा दंड धरला. "थांब. तिला बोलू दे. मी आमच्या घरात कधी विचारलं नव्हतं."

आजवर त्या पोरीला कुणी काहीच विचारले नव्हते. त्यामुळे उत्तर द्यायचे असते, हेच तिला उमजेना. कुणी घाई केली नाही. मग ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "मला परीक्षा द्यायचीय. आणि नंतर यंत्र मीच चालवणार आहे. बाबांना दुपारनंतर दिसत नाही नीट."

लिफाफेवाला मटकन खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडू लागला. मुलगी घाबरून त्याच्यापाशी गेली. बाबांनी पत्रिकेचा मजकूर चार तुकडे करून खिशात टाकला.

बाहेर आल्यावर मास्तर म्हणाले, "आता मोठे मालक लिफाफेवाल्याला नि आपल्याला, दोघांनाही जगू द्यायचे नाहीत."

"नाही देणार," रिमी म्हणाली. ती मोठ्या प्रेसच्या रस्त्याकडे बघत होती. "पण अजून चौघी आहेत तिथे. उद्या सकाळी मी डिंकीला विचारायला जाणार आहे, तुला खाली यायचंय का म्हणून."

"एकटी नको जाऊस," आई म्हणाली. "मी येते."